सागराच्या निळाईचा शोध

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर ऐरोली नावाचे गाव आहे. एके काळी आगरी व कोळी लोकांची वस्ती असलेले हे गाव आज नवी मुंबई या मोठ्या नगराचा एक भाग झाले आहे. गावाच्या पश्चिमेस तिवरांची दाट झाडी असून तिच्या पलीकडे खाडीचे विस्तीर्ण पात्र पसरलेले आहे. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटते, काळाभोर चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्याच्या दिवसांत त्यावर रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे चरू लागतात. भरती आली की हाच चिखल पाण्याखाली नाहीसा होतो. या पाण्याचा रंग कधीही एकसारखा नसतो. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचा गाळ घेऊन आलेले पाणी तांबूस दिसते, कधी त्यावर शेवाळाची हिरवट छटा चढते, तर जेथे सांडपाणी येऊन मिळते तेथे ते काळवंडते. खाडीवर ज्याच्या कित्येक पिढ्या जगल्या, त्या कोळ्याला या रंगांची भाषा उपजतच अवगत असते.

आज हीच भाषा आकाशातून वाचली जाते. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारे कृत्रिम उपग्रह सागराच्या, खाड्यांच्या व सरोवरांच्या पाण्याचा रंग टिपून घेतात आणि त्यावरून पाण्यात गाळ किती आहे, सूक्ष्म वनस्पती किती वाढल्या आहेत, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. परंतु सागराचा रंग हा त्याचा स्वतःचा आहे, आकाशाकडून उसना घेतलेला नाही, ही साधी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सर्वमान्य नव्हती. ती गोष्ट प्रयोगाने दाखवून देणारा एक तरुण भारतीय शास्त्रज्ञ सप्टेंबर 1921 मध्ये आगबोटीने मुंबई बंदरात आला. ऐरोलीवरून वाहत जाणारी ठाण्याची खाडी याच बंदराला जाऊन मिळते. त्या शास्त्रज्ञाचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तमिळ प्रदेशातील तिरुचिरापल्लीजवळच्या एका खेड्यात झाला. त्यांचे वडील चंद्रशेखर अय्यर हे शिक्षक होते. पुढे विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली आणि सारे कुटुंब सागरकिनाऱ्यावरील त्या नगरात राहावयास गेले. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु घरात ग्रंथ होते आणि वाद्येही होती. वडिलांना वाद्य वाजविण्याचा छंद होता. ग्रंथांनी बालकाच्या बुद्धीला खाद्य पुरविले, आणि वाद्यांनी त्याच्या मनात एक प्रश्न जागा केला. तार छेडली असता मधुर स्वर का निघतो, या प्रश्नाने त्याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला.

रामन यांची बुद्धी असाधारण होती. वयाच्या अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला, तेव्हा या चिमुकल्या विद्यार्थ्याला पाहून प्राध्यापकही चकित होत. 1904 मध्ये ते बी.ए.च्या परीक्षेत पहिले आले आणि पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. प्रकाशाविषयीचा त्यांचा पहिला शोधनिबंध 1906 मध्ये इंग्लंडमधील एका नामांकित मासिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते, आणि ते अद्याप विद्यार्थीच होते.

अशा विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जावे, हे त्या काळच्या रीतीस धरून होते. परंतु रामन यांची प्रकृती नाजूक असल्यामुळे तेथील हवा त्यांना मानवणार नाही, असा वैद्यकीय सल्ला मिळाला आणि तो बेत रद्द झाला. भारतात राहून संशोधनावर उदरनिर्वाह करण्याची सोय त्या वेळी जवळजवळ नव्हतीच. तेव्हा त्यांनी सरकारच्या अर्थखात्याची परीक्षा दिली. तीतही ते पहिले आले. 1907 मध्ये लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास हिशेबखात्यातील एका मोठ्या पदावर ते रुजू झाले. मान, वेतन व स्थैर्य या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या वर्षाच्या आतच त्यांना लाभल्या. एखाद्याने एवढ्यावर समाधान मानले असते.

परंतु रामन यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. एके दिवशी ट्रामगाडीतून जात असता बहुबाजार रस्त्यावरील एका इमारतीवर त्यांना विज्ञान-संशोधनाला वाहिलेल्या संस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार या ध्येयवादी पुरुषाने 1876 मध्ये भारतीयांच्या विज्ञानसाधनेसाठी ही संस्था स्थापन केली होती. पण तेथील उपकरणे बहुतांशी धूळ खात पडली होती. रामन यांनी आत जाऊन काम करण्याची अनुज्ञा मागितली, आणि ती त्यांना आनंदाने मिळाली. त्या दिवसापासून त्यांचा दिनक्रमच बदलला. पहाटे उठून प्रयोगशाळेत जावे, मग दिवसभर कचेरीत हिशेब तपासावे, आणि कचेरी सुटल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत येऊन रात्री उशिरापर्यंत प्रयोग करावे, असा क्रम त्यांनी दहा वर्षे चालविला. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला व 1910 मध्ये नागपूरला झाली. तेथे प्रयोगशाळा नव्हती. म्हणून राहत्या घरातच त्यांनी प्रयोग मांडले. वीणा, मृदंग, तबला आणि व्हायोलिन या वाद्यांच्या नादाचे शास्त्रही त्यांनी उलगडले.

1917 मध्ये त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले. कलकत्ता विद्यापीठाचे कर्णधार सर आशुतोष मुखर्जी यांनी पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापकपद रामन यांना देऊ केले. या पदाचे वेतन सरकारी वेतनाच्या मानाने पुष्कळच कमी होते. सरकारी नोकरीत तर उत्तरोत्तर बढती मिळण्याची खात्री होती. तरीसुद्धा रामन यांनी क्षणाचाही विलंब न लावता नोकरीचा त्याग केला. ज्या कामासाठी आजवर रात्रीचे व पहाटेचे तास चोरावे लागत होते, त्या कामाला आता सारा दिवस देता येणार होता.

1921 च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद भरली. तिला कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून रामन गेले. हा त्यांचा पहिलाच परदेशप्रवास होता. परत येताना ते ‘नारकुंडा’ नावाच्या आगबोटीवर होते. आगबोट भूमध्य समुद्रातून चालली असता पाण्याच्या गडद निळाईने त्यांचे मन वेधून घेतले. प्रवासी ती निळाई पाहून आनंदित होत व आपापल्या गप्पांत रमून जात. रामन मात्र कठड्यापाशी उभे राहून विचार करीत होते. हे पाणी निळे का दिसते?

या प्रश्नाचे एक उत्तर त्या काळी प्रचलित होते, आणि ते दिले होते लॉर्ड रॅले या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने. आकाश निळे का दिसते, हे रॅले यांनीच जगाला समजावून दिले होते. सूर्यप्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात. तो हवेतून येताना हवेचे रेणू त्यातील निळा प्रकाश तांबड्या प्रकाशाहून पुष्कळ अधिक विखुरतात. म्हणून सारे आकाश निळे दिसते. सागराच्या बाबतीत मात्र रॅले यांचे मत असे होते की, खोल सागराची सुंदर निळाई म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब होय. रॅले यांचा अधिकार एवढा मोठा होता की, या मताविषयी शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे.

रामन यांनी शंका घेतली. पण नुसती शंका घेऊन ते थांबले नाहीत. त्यांच्यापाशी निकोलचा लोलक नावाचे एक लहानसे उपकरण होते. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश विशिष्ट कोनात पडून परावर्तित झाला, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेने होऊ लागतात. अशा प्रकाशाकडे निकोलच्या लोलकातून पाहिले व लोलक योग्य तेवढा फिरविला, तर तो प्रकाश अडविला जातो. याचा अर्थ असा की, पृष्ठभागावरील आकाशाचे प्रतिबिंब पुसून टाकून पाण्याच्या आतून येणारा प्रकाश तेवढा पाहण्याची युक्ती या खिशात मावणाऱ्या उपकरणात होती. सागराची निळाई जर केवळ प्रतिबिंब असेल, तर प्रतिबिंब पुसल्याबरोबर तीही नाहीशी झाली पाहिजे.

रामन यांनी लोलक डोळ्यांशी धरला. प्रतिबिंबाची चकाकी मावळली; निळाई मात्र नाहीशी झाली नाही. उलट, वरचे चकाकते आवरण दूर झाल्यामुळे ती अधिकच गहिरी दिसू लागली. सागर आकाशाचा रंग मिरवीत नव्हता. निळा प्रकाश पाण्याच्या अंतरंगातून येत होता. जे हवेचे रेणू आकाशात करतात, तेच पाण्याचे रेणू सागरात करीत होते. पाण्यात शिरलेल्या प्रकाशातील तांबडा भाग पाणी शोषून घेते, आणि निळा भाग रेणूंकडून विखुरला जाऊन पुन्हा वर येतो. आगबोट मुंबई बंदरात पोहोचली, तेव्हा या निरीक्षणांविषयीचा लेख तयार होता. तो इंग्लंडमधील ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकाकडे गेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात छापून आला. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही, की अवजड यंत्रे लागली नाहीत. एक लहानसा लोलक, आणि थोरांचे मतही स्वतः पडताळून पाहण्याची सवय एवढ्यावर हे कार्य झाले.

कलकत्त्यास परतल्यावर रामन यांनी हा प्रश्न सोडून दिला नाही. पाणी, बर्फ, काच, निरनिराळे द्रव यांतून प्रकाश कसा विखुरतो, याचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कसून अभ्यास आरंभिला. के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याने सागराच्या रंगाचा पुढील अभ्यास केला. पाण्यात विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाहून वेगळ्या रंगाचा एक अत्यंत अंधुक अंश राहतो, असे 1923 मध्ये रामनाथन यांना आढळले. पाण्यातील अशुद्धतेमुळे हे घडत असावे, असे प्रथम वाटले. परंतु पाणी पुनःपुन्हा शुद्ध केले, तरी तो अंश जाईना. रामन यांनी ही लहानशी विसंगती नजरेआड केली नाही. के. एस. कृष्णन या बुद्धिमान सहकाऱ्यासह त्यांनी अनेक द्रवांची कसोशीने परीक्षा केली. अखेर 28 फेब्रुवारी 1928 रोजी उलगडा झाला. एका रंगाचा प्रकाश पदार्थातून जात असता त्याचे काही किरण रेणूंशी ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि त्यामुळे त्यांचा रंग बदलतो. प्रत्येक पदार्थाच्या रेणूंनुसार हा बदल निराळा असतो. त्यामुळे पदार्थाला हातही न लावता, केवळ त्याने विखुरलेला प्रकाश तपासून तो कोणता आहे हे सांगता येते. हाच जगप्रसिद्ध रामन-परिणाम होय. याच सुमारास मॉस्को येथील दोन रशियन शास्त्रज्ञांनाही स्फटिकांत अशीच घटना आढळली होती. परंतु रामन यांचे निष्कर्ष प्रथम प्रसिद्ध झाले. 1930 मध्ये रामन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा बहुमान मिळविणारे ते पहिले भारतीय, किंबहुना पहिले आशियावासी होत.

1933 मध्ये रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांचा स्वभाव स्पष्टवक्ता व काहीसा तापट होता. एकदा एखादे मत बनले की ते सहसा मागे हटत नसत, आणि हा आग्रह कधी कधी त्यांच्या सहकाऱ्यांना जाचकही होई. संस्थेच्या कारभाराविषयी मतभेद होऊन 1937 मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. तथापि प्राध्यापक म्हणून ते तेथेच संशोधन करीत राहिले. 1934 मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली, आणि 1948 मध्ये निवृत्त झाल्यावर स्वतःची संशोधनसंस्था उभारली. 1954 मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब देऊन गौरविले. हिरे, शिंपल्यांचे मोती, फुलांच्या पाकळ्या, पक्ष्यांची पिसे या सर्वांच्या रंगांचे कोडे ते वृद्धपणीही बालकाच्या कुतूहलाने सोडवीत बसत. 21 नोव्हेंबर 1970 रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेच्या उद्यानातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

थोर पुरुषाचे कार्य त्याच्याबरोबर संपत नाही. ते त्याच्या शिष्यांच्या हातून पुढे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विक्रम साराभाई नावाचा एक तरुण बंगलोरला रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचे संशोधन करीत होता. याच साराभाईंनी 1947 मध्ये अहमदाबाद येथे भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली, आणि तिचे पहिले संचालक झाले ते सागराच्या रंगाचा अभ्यास केलेले रामनाथन. पुढे साराभाईंनी भारताच्या अवकाशकार्याचा पाया घातला. उपग्रहांचा उपयोग भारताच्या शेतीसाठी, पाण्यासाठी व सागरासाठी व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. 1971 मध्ये त्यांना अकाली मृत्यू आला. परंतु त्यांनी सुरू केलेले काम वाढत गेले. 1979 मध्ये ‘भास्कर’ हा निरीक्षण-उपग्रह आणि 1988 मध्ये भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. दूरच्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून तिची माहिती मिळविणे, यालाच दूरसंवेदन म्हणतात. 26 मे 1999 रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या ‘ओशनसॅट’ या उपग्रहावर तर केवळ सागराचे रंग मोजण्यासाठी एक स्वतंत्र उपकरण बसविलेले होते. ते अहमदाबादेतच तयार झाले होते. त्याच मालिकेतील दुसरा उपग्रह 2009 मध्ये व तिसरा 2022 मध्ये सोडण्यात आला.

उपग्रह पाण्याचा रंग कसा वाचतो, हे पाहिले असता रामन यांच्या लोलकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आकाशातून सागराकडे पाहणाऱ्या उपकरणात जो प्रकाश शिरतो, त्याचा फार मोठा भाग सागराकडून आलेला नसतोच. तो वाटेतील हवेने विखुरलेला आकाशाचा प्रकाश असतो, आणि त्यात पाण्यावरील चकाकीही मिसळलेली असते. पाण्याच्या आतून येणारा प्रकाश त्या मानाने अगदी थोडा असतो. म्हणून प्रथम गणिताच्या साहाय्याने हवेचा व चकाकीचा हिस्सा वजा करावा लागतो. रामन यांनी आगबोटीच्या कठड्यापाशी लोलक फिरवून जे केले, तेच काम येथे गणित करते. मग जो प्रकाश उरतो, तो पाण्याचा स्वतःचा. त्यातही रामन-परिणामामुळे रंग बदललेला थोडा प्रकाश असतो, आणि अचूक मापनाच्या वेळी त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

या उरलेल्या प्रकाशात पाण्याचे आरोग्य लिहिलेले असते. स्वच्छ व खोल पाणी निळे दिसते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत हरितद्रव्य असते. ते निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. म्हणून अशा वनस्पती वाढल्या की पाण्यावर हिरवी छटा येते. गाळाचे कण मिसळले की पाणी अधिक उजळ व तपकिरी होते. कुजलेल्या पालापाचोळ्यातून उतरणारी द्रव्ये निळा प्रकाश गिळतात आणि पाण्याला पिवळट छटा देतात. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश स्वच्छ पाणी जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, तर हिरवी झाडे तो जोराने परतवितात. त्यामुळे पाणी कोठे संपते व तिवरांचे बन कोठे सुरू होते, हे उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट उमटते. सूक्ष्म वनस्पतींच्या आधारावर लहान जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे जगतात. म्हणूनच सागराचा रंग व त्याच्या पृष्ठभागाचे तापमान यांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना हैदराबाद येथील राष्ट्रीय संस्था कोळीबांधवांना देत असते.

ठाण्याच्या खाडीसारख्या अरुंद पाण्यासाठी मात्र आणखी बारीक नजर लागते. सागराचे रंग मोजणाऱ्या पहिल्या ओशनसॅटच्या चित्रातील एक ठिपका सुमारे 360 मीटर लांबीचा होता. अशा ठिपक्यात खाडीचे पाणी, चिखल व तिवरे सारेच मिसळून जाई. तीस मीटर, दहा मीटर इतका बारीक तपशील टिपणाऱ्या उपग्रहांमुळे आता खाड्यांचेही निरीक्षण शक्य झाले आहे. तरीही ते सोपे नाही. उथळ पाण्यात तळाचा रंग वर दिसतो, भरती-ओहोटीने दर काही तासांनी चित्र पालटते, आणि पावसाळ्यात ढग सारे झाकून टाकतात. शिवाय ज्या वस्तूंचा पाण्याच्या रंगावर परिणाम होत नाही, त्या उपग्रहाला दिसत नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती कमी झाला, कारखान्यांतून आलेल्या जड धातूंचा अंश किती, हे जाणण्यासाठी होडी घेऊन खाडीत जावे लागते, बाटलीत पाणी भरून आणावे लागते आणि प्रयोगशाळेत ते तपासावे लागते. अशा वेळी पाण्यातील प्लास्टिकचे सूक्ष्म कण ओळखण्यास रामन-परिणामाचाच उपयोग होतो.

हे सारे श्रम कशासाठी? ऐरोलीच्या तीरावर त्याचे उत्तर मिळते. या खाडीच्या दोन्ही बाजूंना मोठी नगरे व कारखाने उभे राहिले आहेत, आणि त्यांचे सांडपाणी कित्येक वर्षे खाडीत येत आहे. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ वाढते. शेवाळ व सूक्ष्म जीव हे रोहित पक्ष्यांचे खाद्य होय, आणि त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही त्या खाद्यातील रंगद्रव्यांपासूनच येतो. पण हेच शेवाळ अतोनात वाढून कुजू लागले, म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. गाळ साचत गेला, तर खाडी उथळ होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केला, आणि 2022 मध्ये सुमारे 6500 हेक्टरांच्या या खाडीक्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. अशा ठिकाणी पाण्याचा रंग वर्षानुवर्षे कसा बदलत आहे, तिवरांची सीमा कोठे वाढत वा घटत आहे, याची अखंड नोंद ठेवणारा साक्षी हवा असतो. तो साक्षी आकाशात आहे. परंतु साक्ष ऐकून उपाय करणे हे जमिनीवरील माणसांचे काम आहे. पाणी आजारी आहे एवढे सांगता येते. त्याला बरे करण्यासाठी त्यात घाण जाऊ न देणे हाच मार्ग आहे.

1987 पासून 28 फेब्रुवारी हा दिवस भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रामन-परिणामाच्या शोधाचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे खरे मोठेपण त्याच्याही आधी, आगबोटीच्या कठड्यापाशी प्रकट झाले होते. जे पाणी सर्वांनी पाहिले होते, ते त्यांनी निरखून पाहिले. जे उत्तर सर्वांनी मान्य केले होते, ते त्यांनी पारखून घेतले. सायंकाळी ऐरोलीच्या तीरावर उभे राहिले असता खाडीच्या पाण्यावर आकाशाचे रंग पसरलेले दिसतात. ते प्रतिबिंब मोहक असते. त्या प्रतिबिंबाखाली पाण्याचा स्वतःचा रंग असतो, आणि तो पाहण्याची दृष्टी रामन यांनी दिली.

अभ्यास

1. सागराच्या निळाईविषयी लॉर्ड रॅले यांचे मत काय होते? रामन यांनी ते कसे पडताळून पाहिले?
2. सरकारी नोकरी सोडण्यात रामन यांनी काय गमावले व काय मिळविले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. रामन यांचा लोलक आणि उपग्रहाच्या चित्रावर केले जाणारे गणित यांत कोणते साम्य आहे?
4. पाण्यातील कोणत्या गोष्टी उपग्रहाला दिसतात व कोणत्या दिसत नाहीत?
5. तुमच्या गावाजवळील नदी, तळे किंवा खाडी यांच्या पाण्याचा रंग वेगवेगळ्या ऋतूंत पाहा आणि त्याची कारणे शोधून दहा ओळी लिहा.